हिरकणी जेवली होती का?

रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, कोजागिरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरात ठेवलेलं तान्हं बाळ आणि तो सरळसोट कडा ही आख्यायिका आपल्याला शाळेपासून पाठ आहे. कडा किती उभा आहे हे सांगताना गडावरच्या वाटाड्याचा आवाज आजही चढतो. पण अंगावर पिणारं मूल घरी ठेवून गडावर दूध विकत फिरणारी ही बाई दुपारी काय जेवली होती, याची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. महाराजांनी तिचं कौतुक केलं, कड्यावर बुरूज बांधला, सगळं झालं. पान वाढल्याचा उल्लेख मात्र कुठे येत नाही. माझी खात्री आहे की बाई उपाशी होती. फडक्यात भाकरी बांधून आणली असणार आणि 'एवढी दोन घरं उरकते, मग बसते' म्हणता म्हणता दिवस बुडाला असणार.

नोकरी सांभाळून बाळाला अंगावर पाजणाऱ्या सगळ्या जणी हिच्याच वंशातल्या. एस.टी.च्या स्थानकांवर आता तिच्या नावाचे हिरकणी कक्ष आहेत. तिथे आडोसा असतो, बाकडं असतं, नशीब बरं असेल तर पंखाही फिरतो. बाळाची सोय झाली. आईच्या पोटाचा विषय अजून अजेंड्यावर आलेला नाही.

आता जरा हिशेब बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या कोष्टकात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी सांगितल्या आहेत. बाई पोटुशी असेल तर त्यावर ३५० जास्त. बाळंत होऊन अंगावर पाजत असेल तर पहिले सहा महिने ६०० जास्त आणि पुढचे सहा महिने ५२०. हे आकडे घाई न करता वाचा. जेव्हा ३५० लागतात तेव्हा अख्खं गोत 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणून मागे लागलेलं असतं. चोरओटी काय, डोहाळजेवण काय, चांदण्यातलं, झोपाळ्यावरचं, बर्फी की पेढा! आणि जेव्हा खरोखरच ६०० लागतात तेव्हा तेच गोत पोटाकडे नजर टाकून विचारतं, "काय गं, अजून उतरलं नाही?"

कोष्टक करणाऱ्यांबद्दलही माझी एक तक्रार आहे. ऑफिसात काम करणारी बाई त्यांनी बैठ्या कामात धरली आहे. डोंबिवलीहून सकाळी ८च्या सुमाराला सुटणाऱ्या जलद गाडीत त्यांच्यापैकी एकाला तरी बसून दादरपर्यंत येऊन दाखवायला सांगा.

६०० कॅलरी म्हणजे सहा-सात फुलके, तेही तूप न लावलेले. एवढं सगळं जातं कुठे, तर दुधात. पहिल्या सहा महिन्यांत आईला दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध येतं. त्यातल्या दर १०० मिलिलिटरमागे ६५-७० कॅलरी बाळाच्या पोटात जातात आणि ते दूध तयार करण्याची मजुरी वेगळी. गोठ्यात म्हशीची धार काढायची असली की आधी तिच्यासमोर आंबोण ठेवतात, मग खाली बसतात. आमच्याकडे आधी धार, मग उरलं तर आंबोण, आणि तेवढ्यात मीटिंग.

यात शरीराचा एक बेरकीपणा आहे. आई एखाद-दुसरं जेवण चुकवते म्हणून दूध लगेच आटत नाही. अंगावरची चरबी मोडून, वेळ पडली तर हाडांतलं कॅल्शियम उपसून शरीर बाळाचं दूध पुरवत राहतं. त्यामुळे बाळ गुटगुटीत, गाल वर आलेले, सोसायटीतले सगळे खूष. बाळाचं वजन लसीकरणाच्या कार्डावर दर खेपेला लिहून ठेवतात, त्याचा आलेख काढतात, तो आजोबा पाहुण्यांना दाखवतात. आई आज काय जेवली याचं कार्ड अजून छापलं गेलेलं नाही. बाळ बाळसं धरतंय म्हणजे आईचं बरं चाललंय असा सर्वसाधारण समज असल्यामुळे तिच्या भुकेची बातमी घरात सगळ्यात शेवटी पोचते.

खरं तर आपल्या आज्या-पणज्यांनी कॅलरी न मोजता हा प्रश्न सोडवला होता, आणि उत्तर गोल होतं. डिंक तुपात फुलवायचा, त्यात खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, बदाम घालायचे आणि गुळाच्या पाकात वळायचं. तुपाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी, गुळाच्या एका ग्रॅममागे ४ च्या आसपास, आणि आजीचा हात सैल. लाडू मुठीत मावतो. त्याला ताट नको, चमचा नको, गरम करणं नको. डब्यात महिनाभर आरामात राहतो. धावत्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने खाता येईल असा हा पदार्थ ज्यांनी शोधला, त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र कानाला स्कार्फ बांधून, शेक घेत बाजेवर पडलेली बाई होती.

आमच्या घरी या लाडवांच्या दोन छावण्या पडल्या. माहेरचे डिंकाचे आणि सासरचे मेथीचे. सासूबाई म्हणायच्या, "आमच्यात मेथीचेच देतात. दूध कसं भरभरून येतं बघ." हे फोनवर कानावर पडलं की आई म्हणायची, "कडू खाऊन कुणाला दूध आलंय का कधी? अळिवाची खीर दे म्हणावं." मध्येच मोठ्या जाऊबाईंनी शतावरी कल्पाचा डबा पाठवला आणि सामना तिरंगी झाला. मेथी, शतावरी, अळीव यांनी दूध वाढतं याला शास्त्रीय पुरावा तसा तोकडाच आहे. दूध वाढतं ते बाळाने वरचेवर प्यायल्यामुळे, छाती रिकामी होत राहिल्यामुळे. पण ही माहिती घरात फोडायची नसते. फोडली तर लाडू बंद होतील, आणि त्यातल्या तुपा-गुळाला तर कुठल्याही पुराव्याची गरज नाही.

कोकणातल्या घरांत याच कामाला मोरी माशाचं कालवण करतात. घाट चढून कोल्हापूरकडे गेलं की पायाचा रस्सा. दोन्ही उत्तम. पण मोरीचं कालवण ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून बघा, म्हणजे एच.आर.चं पत्र कसं असतं तेही बघायला मिळेल.

लाडवांच्या जोडीने पथ्याची यादी येते. हरभऱ्याची डाळ नको, बाळाला गॅस होईल. कोबी नको, बटाटा नको, त्याच कारणासाठी. दही नको, सर्दी होईल. केळं नको, कफ होईल. आंबट नको, तिखट नको, शिळं नको, फ्रीजमधलं तर नकोच नको. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही असं बालरोगतज्ज्ञ जीव तोडून सांगत असतात, पण शेजारच्या काकूंचा आवाज त्यांच्याहून मोठा आहे. सगळ्या नकारांची वजाबाकी करून हातात उरतो दुधी. तो सकाळी भाजीत, दुपारी आमटीत आणि रात्री 'आज काहीतरी वेगळं' म्हणून थालीपिठात. एकीकडे सात फुलके जास्त खा म्हणायचं आणि दुसरीकडे ते कशाशी खायचे त्या सगळ्यावर बंदी घालायची, असा हा आपला पारंपरिक आहारविचार.

तरी सव्वा महिना बरा. पान समोर येतं, कोणीतरी 'खाल्लंस का' विचारतं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर तुपाची धार. मग हळूहळू पाहुणे पांगतात, आई तिच्या घरी जाते, लाडवाच्या डब्याचा तळ दिसतो आणि पुन्हा लाडू वळायचा उत्साह कोणात नसतो, कारण 'आता काय, तू हिंडती-फिरती झालीस'. कोष्टकातली भूक वर्षभराची आहे आणि तिची बडदास्त सव्वा महिन्याची.

तशात रजा संपते. १९६१ सालच्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलं झालं, त्यात वाद नाही. पण यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात आणि डॉक्टरांनी आराम सांगितला तर घ्यावेच लागतात. म्हणजे बाळ जेमतेम चार-सव्वाचार महिन्यांचं असताना बाई कामावर हजर. कोष्टकाप्रमाणे तिचे ६०० अजून चालूच आहेत.

ऑफिसला निघताना खांद्यावर एक पिशवी वाढलेली असते. तिच्यात पंप, बाटल्या, बर्फाच्या विटा, फडकी, जादा कुर्ता. एवढं भरल्यावर डब्याला जागा उरत नाही, तो हातात. गाडीत चढताना हात मोकळे हवेत म्हणून तो पिशवीच्या तोंडाशी कोंबलेला. दरवाजातला सुरक्षारक्षक पंप बाहेर काढून उलटसुलट करतो. "मॅडम, ये क्या मशीन है?" मागे रांग लागलेली असते. मी गंभीर चेहऱ्याने सांगते, "दूध का." तो पुढे काही विचारत नाही.

आत गेल्यावर पंप करायला खोली शोधायची. आमच्याकडे ती मिळाली अडगळीची. तिथे मोडक्या खुर्च्या, जुन्या फायली आणि गेल्या गणपतीचं मखर. त्या मखराशेजारी बसून मी दूध काढत असे आणि दर दहा मिनिटांनी दारावर टकटक होई, "मॅडम, स्टेपलरच्या पिना आत राहिल्यात." पान्हा फुटायला शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटावं लागतं आणि ते मन निवांत असलं तरच नीट सुटतं. बाळाचा फोटो समोर धरला, त्याचा आवाज ऐकला की मदत होते म्हणतात, आणि होतेही. साहेबांचा फोन आला की सगळं परत आत.

खरी मेख वेळेची आहे. जेवणाची सुट्टी अर्धा तास. खोलीची किल्ली मिळवायची, पंप जोडायचा, दूध काढायचं, पंपाचे सुटे भाग धुवायचे, बाटलीवर चिठ्ठी लावून ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि चहावाल्या मामांना बाटली दाखवून 'ही आपली नाही' असं बजावायचं. अर्धा तास संपला. जेवायची वेळ दूध काढण्यात गेली, आणि दूध काढल्यामुळे भूक आणखी भडकली. काढलेल्या दुधाला बाहेर चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस अशी मुदत सांगतात, ती मी मिनिटावर पाळते. डब्यातली पोळी पहाटेची. तिची मुदत कोणी विचारत नाही.

कायदा याबाबतीत काही म्हणत नाही असं नाही. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन जादा सुट्ट्या हव्यात, आणि या सुट्ट्या तर मूळ १९६१ पासूनच्या आहेत. पण मी जेव्हा त्या मागितल्या तेव्हा आमच्या वरिष्ठांनी इतक्या कुतूहलाने ऐकलं की जणू मी परदेशातून आलेली एखादी गोष्ट सांगते आहे. "पण बाळ तर डोंबिवलीला आहे ना?" ते म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

मग जेवण टेबलावर, काम करता करता. माझ्या डावीकडच्या मॅडम १६ तासांचा उपास करतात, उजवीकडच्या भात बघितला तरी तोंड फिरवतात, समोरचा एक तरुण फक्त अंड्याचा पांढरा बलक खातो आणि पिवळ्याचं काय करतो ते सांगत नाही. अशा व्रतस्थ मंडळींत बसून मी तूप लावलेल्या चार पोळ्या, उसळ, भात, वर लाडू असा डबा उघडते तेव्हा लग्नाच्या पंगतीत चुकून शिरल्यासारखे सगळे माझ्याकडे बघतात. "एवढं सगळं तू खाणार?" एक विचारते. तासाभराने दुसरी पाणी प्यायला येते आणि म्हणते, "अगं किती वाळलीस! खातेस की नाही काही?" दोघींची गाठ घालून द्यावी असं फार मनात येतं.

डिंकाच्या लाडवाचा ऑफिसात एकच दोष आहे, तो म्हणजे आवाज. डिंक नीट फुललेला असला तर लाडू तोंडात विरघळतो. घाईत तळला असला तर आत खडा राहतो. एकदा पुणे, चेन्नई आणि मुंबई अशा तीन कचेऱ्यांची ऑनलाइन बैठक चालू असताना माझा माइक चालू राहिला होता आणि तिमाही आकड्यांच्या ऐन मध्यात माझ्या दाढेखाली तो खडा आला. चेन्नईहून कोणीतरी काळजीच्या सुरात विचारलं, "इज समवन ड्रिलिंग?" मी लगेच माइक बंद करून उरलेला लाडू संपवला. तिमाही आकडे काय, परत येतात.

या सगळ्या धबडग्यात मला पोटभर खायला घालणारी एकमेव सार्वजनिक संस्था भेटली ती मध्य रेल्वेचा लेडीज डबा. तिथे संध्याकाळी मांडीवर मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, हळदीकुंकवं होतात, डोहाळजेवणं होतात. माझी बर्फाची पिशवी बघून पहिल्याच दिवशी खिडकीशेजारच्या एका काकूंनी ओळखलं. "अंगावर पितंय ना अजून?" मी हो म्हटलं. पुढे एक अक्षर न बोलता त्यांनी डबा उघडला आणि थालीपीठ माझ्या हातात ठेवलं, वर लोण्याचा गोळा. पथ्याची यादी नाही, वजनाची चौकशी नाही, बाळ कोणावर गेलंय हेही नाही. ठाण्यापर्यंत ते संपलं आणि कळव्याला दुसरीने चिक्की पुढे केली. पोषण संस्थेने आपली एक शाखा या डब्यात उघडायला हरकत नाही. कर्मचारीवर्ग तयार आहे.

रात्रीची भूक मात्र कोणाला दिसत नाही. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, आणि दिवसभर आई दिसली नाही की काही बाळं सगळी वसुली रात्री करतात. दोन वाजता पाजून उठलं की पोटात खड्डा पडलेला असतो आणि घशाला कोरड. स्वयंपाकघरात दिवा न लावता जावं लागतं. त्यात आपले ते स्टीलचे डबे. दिवसा निमूट उघडणारं झाकण रात्री दोनला असं वाजतं की अख्खी इमारत उठावी. मी चिवड्याच्या डब्याशी झटापट करत असताना नवरा काठी घेऊन आला. त्याला उंदीर वाटला होता. "तू काय करतेयस?" "जेवतेय." "आत्ता?" तो घड्याळाकडे बघत म्हणाला. दिवसभरात त्याने विचारलेला हा माझ्या जेवणाबद्दलचा पहिला प्रश्न होता. त्याचं श्रेय असं की दुसऱ्या दिवसापासून पलंगाशेजारी पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या, न वाजणाऱ्या डब्यात दाणे-गूळ-खजूर येऊन बसले. सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून माझी अन्नाची वर्गवारी सोपी झाली आहे. एका हाताने खाता येतं ते अन्न आणि दोन हात लागतात तो समारंभ. दाणे-गूळ, चणे, खजूर, उकडलेली अंडी, राजगिऱ्याची वडी, तुपात भिजवलेली पोळीची गुंडाळी आणि अर्थात लाडू हे अन्न. १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दाण्यांची बरणी असेल तर कोष्टकातला बराचसा भार कागदपत्रांच्या आड उरकता येतो. डाएट चार्ट कोणी करून दिला तर कौतुकाने घ्यावा आणि त्यात चणे बांधावेत.

आणि तुमच्या ऑफिसात, शेजारी, घरात अशी कोणी नुकती कामावर परतलेली असेल तर तिला 'स्वतःची काळजी घे' असं सांगू नका. ती ते दिवसाला अनेकदा ऐकते आणि त्यात एकही कॅलरी नसते. डबा उघडा, तिच्यापुढे सरकवा आणि पाच मिनिटं तिचा फोन तुम्ही घ्या. एवढं जमत नसेल तर लाडू पाठवा. मेथीचेसुद्धा चालतील.